पित्ताशय काढल्यावर जेवलं की पळावं लागतंय? आधी हे करून बघा

माझ्या आईचं गॉलब्लॅडरचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, तिसऱ्या दिवशी घरी. खडे गेले, ती उजव्या बरगडीखालून पाठीत जाणारी कळ गेली, सगळे निर्धास्त झालो. आणि महिन्याभरात तिचं वेगळंच सुरू झालं, जेवण झालं की पंधरा-वीस मिनिटांत घाई लागायची, घाई म्हणजे अजिबात थांबवता न येणारी, पाण्यासारखं पिवळं-हिरवट, आणि जाऊन आल्यावर जागा चुरचुरायची. दाखवलं तर उत्तर मिळालं "होतं असं, बसेल हळूहळू". नाही बसलं. पुढची दीड वर्षं ती कुणाच्या लग्नाला गेली नाही, एसटीने माहेरी जाणं बंद केलं, कुणाकडे गेलोच तर चहाचा कप हातात घ्यायच्या आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवायची. कुणी म्हणालं टेन्शन घेतेस, कुणी म्हणालं आयबीएस (तपासण्यांत काही सापडत नाही पण पोट सतत बिघडतं तो आजार) आहे, कुणी म्हणालं वयाप्रमाणे पोट नाजूक झालंय. ती लाजेपायी आम्हालाही पूर्ण सांगत नव्हती हे मला फार उशिरा कळलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

या त्रासाला नाव आहे, बाइल ॲसिड डायरिया. गॉलब्लॅडर काढलेल्या दहा जणांतल्या एक-दोघांना कमीजास्त प्रमाणात असा त्रास होतो आणि त्यावर उपाय आहे. आईच्या निमित्ताने जे शिकले, डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं, ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. ज्यांच्या घरी असं कुणी गप्प बसून सहन करतंय त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आधी 'पित्त' या शब्दाचा घोळ सोडवू

आपल्याकडे पित्त म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात. छातीत जळजळ, आंबट ढेकर म्हणजे पित्त, पण ती जठरातली ॲसिडिटी. अंगावर गांधी उठल्या की पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी लावतो, ती ॲलर्जी. आणि तिसरं खरंखुरं पित्त, म्हणजे यकृतात बनणारा तो कडू हिरवट-पिवळा रस, रिकाम्या पोटी उलट्या होत राहिल्या की शेवटी जे कडूजहर पाणी पडतं त्यात तोच असतो. आपण बोलतोय ते या तिसऱ्याबद्दल. हे एवढ्यासाठी सांगितलं की आई दीड वर्ष "पित्त वाढलंय" म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होती, ज्यांचा या जुलाबाशी काही संबंधच नाही.

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं. गॉलब्लॅडर तो बनवत नाही, फक्त साठवतो आणि पाणी शोषून घट्ट करतो, त्याची पिशवी असते जेमतेम ३० ते ५० मिलीची. म्हणून पिशवी काढली तरी पित्त बनायचं थांबत नाही. जेवणातलं तेल-तूप जठरातून पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथून सीसीके नावाचं हार्मोन सुटतं, पिशवी आकसते आणि घट्ट पित्त बरोब्बर जेवणावर येऊन पडतं. या पित्तातला कामाचा भाग म्हणजे बाइल ॲसिड्स, मराठी पुस्तकात पित्ताम्लं म्हणतात. मिसळीवर तर्रीचा थर तरंगतो ना, तसंच तेल पोटातही पाण्यात मिसळत नाही, हे बाइल ॲसिड त्या तर्रीचे इतके बारीक थेंब करतात की स्वादुपिंडाच्या रसाला त्यावर काम करता येतं, आणि मग पचलेली चरबी आणि तिच्यासोबत ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स आतड्याच्या भिंतीपर्यंत नेऊन पोचवतात.

आता मुद्द्याची गोष्ट. हे ॲसिड यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं आणि शरीर त्यांना फेकून देत नाही. अंगात एकूण साठा दोन ते चार ग्रॅमचाच, पण तोच माल दिवसात सहा ते दहा वेळा फिरतो, यकृतातून आतड्यात, आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, ज्याला टर्मिनल इलियम म्हणतात, तिथे सुमारे ९५ टक्के परत शोषला जाऊन रक्तातून पुन्हा यकृतात. रोज अर्धा ग्रॅमच्या आसपास शौचावाटे जातो, तेवढाच यकृत नवा बनवतं. शिवाय इलियममधून यकृताला एफजीएफ-१९ नावाच्या हार्मोनने निरोप जातो की माल पोचला, आता नवीन बनवणं कमी कर.

यातलं काहीही बिघडलं आणि जास्तीचं बाइल ॲसिड मोठ्या आतड्यात उतरलं की तिथली भिंत उलट पाणी सोडायला लागते आणि आतड्याची हालचाल वाढते, म्हणून ती घाई, म्हणून ते पाणी, म्हणून रात्री झोपेतून सुद्धा उठावं लागतं. पिशवी काढल्यावर साठवायला जागा नाही, पित्त दिवसरात्र आतड्यात झिरपत राहतं, चकरा वाढतात, काहींचं इलियम ते सगळं परत ओढून घ्यायला कमी पडतं. मनाचा खेळ नाहीये हा, आणि आईला हे चित्र काढून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली.

घरी काही करण्याआधी हे तपासा

खाली लिहिलेलं काही दिसत असेल तर वही-बिही, इसबगोल काही करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. शौचात रक्त, वजन आपोआप उतरणं, ताप, डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, शौच पांढरट मातकट. ऑपरेशनला थोडेच दिवस झालेत आणि पोट खूप दुखतंय, ताप किंवा कावीळ आहे तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे, कारण पित्त आत गळतंय किंवा एखादा खडा नळीत राहिलाय असं असू शकतं. पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलली तरी आधी तपासणी, मग बाकी. म्हातारं माणूस असेल तर पाणी कमी होऊ देऊ नका, ओआरएसची पाकिटं घरात ठेवा.

चौदा दिवसांची वही

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. साधी दोनशे पानी वही, चार रकाने. काय खाल्लं आणि त्यात तेल-तूप अंदाजे किती, किती वाजता, किती वाजता जावं लागलं, आणि कसं झालं. कसं झालं यासाठी ब्रिस्टल चार्ट म्हणून एक चित्रांचा तक्ता असतो, १ म्हणजे घट्ट खडे आणि ७ म्हणजे नुसतं पाणी, नेटवर मिळेल, त्याचा फोटो वहीत चिकटवा म्हणजे आईबाबांना शब्दात सांगायची लाज वाटत नाही, फक्त आकडा लिहायचा. आई लिहायची "सकाळी ९, ६ नंबर, घाई", झालं.

आठव्या-नवव्या दिवशी वहीत एक गोष्ट डोळ्यात भरली. सगळ्यात वाईट दिवस कुठला होता तर एकादशी. उपवास म्हणजे पोटाला आराम असं आपण धरून चालतो, पण तिचा उपवास म्हणजे सकाळी ताटलीभर साबुदाणा खिचडी, त्यात मोठी मूठभर शेंगदाण्याचं कूट, आणि शेंगदाण्यात जवळपास निम्मी चरबी असते म्हणजे तीस ग्रॅम कुटात पंधरा ग्रॅम चरबी इथेच, वर दोन चमचे तूप म्हणजे दहा ग्रॅम, एका ताटलीत पंचवीस ग्रॅम, ते पण रिकाम्या पोटी आणि पाठोपाठ म्हशीच्या दुधाचा चहा. त्या दिवशी ती पाच वेळा गेली होती. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

तेल-तूप मोजायचं, बंद नाही करायचं

अशा पेशंटना आहारतज्ज्ञ बरेचदा दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास एकूण चरबी सांगतात. आपण हे घरात कसं मोजणार? महिन्याच्या किराण्यावरून मोजा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी एक लिटर, दिवसाला साधारण तेहेतीस मिली, म्हणजे नुसतं फोडणी-तळणातून तीस ग्रॅम झालं, आणि दूध, दही, कूट, खोबरं, तूप अजून धरलंच नाहीये. आमचं तर पाच लिटर निघालं. मग आम्ही तेलाच्या किटलीतून ओतणं बंद केलं आणि चहाचा चमचा ठेवला, एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम धरायचं, तिच्या भाजीत दीड चमचा, बास.

चरबी एकदम शून्यावर आणू नका, ए-डी-ई-के व्हिटॅमिन शोषायला ती लागतेच आणि तोंडाची चव गेली की माणूस जेवणच कमी करतो. खरी युक्ती आहे वाटून घेण्याची. दुपारी एकदम भरलेलं ताट नको, थोडं थोडं चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी थोडीशीच चरबी, कारण पिशवी नसल्यामुळे एका वेळी मोठा साठा सोडायची सोय शरीराकडे राहिलेली नाही. आईला मानवलेलं सांगते, मऊ भात आणि मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी, दुधी-दोडक्याची भाजी, लोणी काढलेलं ताक, केळं, कमी तेलातले पोहे पण वरचं खोबरं नाही. न मानवलेलं म्हणजे वडे-भजी, सुकं खोबरं लावलेली कालवणं, साय, बेकरीचं सगळं. चहा दोन कपांवर आणला आणि गाईचं दूध घेतलं. उपवासाला आता वरईचा भात आणि ताक, कूट नाममात्र. तुमची यादी वेगळी असेल, ती वहीतूनच निघेल, माझी डोळे झाकून घेऊ नका.

इसबगोल, पण बद्धकोष्ठाच्या पद्धतीने नाही

इसबगोल म्हणजे पोट साफ करायचं औषध एवढंच आपल्या डोक्यात असतं म्हणून जुलाबात द्यायला लोक घाबरतात. तो विरघळणारा फायबर आहे, पाणी धरून ठेवतो आणि काही प्रमाणात बाइल ॲसिड सुद्धा धरून ठेवतो. जुन्या बायका जुलाबावर दह्यात इसबगोल कालवून द्यायच्या ते उगाच नाही. सुरुवात एका चमच्यापासून, पातळ ताकात किंवा पाण्यात नीट भिजवून, कोरडा कधीच तोंडात टाकायचा नाही, घशात अडकतो, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. पहिले काही दिवस गॅस होतो. ओट्समध्येही असाच फायबर असतो, आवडत असेल तर घ्या.

एवढ्यावर काहींचं भागतं. आईचं निम्मं भागलं, पाच वेळचं तीन वेळा झालं, पण ती घाई राहिलीच.

डॉक्टरांकडे काय बोलायचं

"पोट बिघडलंय" एवढं सांगून उपयोग नाही, तसं सांगितलं की जुलाब थांबवायची गोळी मिळते आणि आपण घरी येतो. पोटविकारतज्ज्ञांकडे जा, वही पुढे ठेवा, आणि स्पष्ट विचारा की हा बाइल ॲसिड डायरिया असू शकतो का. हा प्रश्न आपण विचारणं यात उद्धटपणा काही नाही. आयबीएसचा जुलाबवाला प्रकार म्हणून शिक्का बसलेल्या लोकांत साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून थोड्या जास्तच लोकांना मुळात हा त्रास असतो असं अभ्यासांत दिसलंय, आणि त्यातल्या पुष्कळांचं गॉलब्लॅडर जागेवर असतं.

टेस्टचं असं आहे. सर्वात चांगली टेस्ट सेहकॅट नावाची, एक कॅप्सूल गिळायची, त्या दिवशी आणि सात दिवसांनी स्कॅन, आणि सातव्या दिवशी १५ टक्क्यांहून कमी शिल्लक असेल तर निदान पक्कं. इंग्लंडमध्ये असलेल्या मराठी मंडळींना ही मिळू शकते, अमेरिकेत तिला मान्यता नाही, आणि आपल्याकडे सहज होत नाही. सी-४ नावाची एक रक्ताची टेस्टही आहे. पण आपल्याकडे बहुतेक डॉक्टर सरळ औषध देऊन बघतात, फरक पडला तर तेच निदान. आईचंही तसंच झालं, त्याआधी त्यांनी थायरॉइड, शुगर, शौचाची तपासणी आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून बाकी काही नाही ना ते बघून घेतलं, आणि हे होणं गरजेचं आहे.

डॉक्टरांना या गोष्टी आठवणीने सांगा कारण त्यावरून उपचार बदलतो. पूर्वी आतड्याचा टीबी किंवा क्रोन्स (आतड्याला सूज येत राहणारा जुनाट आजार) झालाय का, आपल्याकडे पोटाचा टीबी बरेचदा लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथेच बसतो, म्हणजे नेमकं इलियमच्या शेवटी. आतड्याचा तुकडा काढलाय का आणि किती, कारण १०० सेंटीमीटरपेक्षा जास्त इलियम गेलं असेल तर शरीर बाइल ॲसिड भरून काढू शकत नाही, मग चरबीच पचत नाही, शौच तेलकट, तरंगणारं, घाण वासाचं होतं आणि अशा माणसाला खाली सांगितलेली पावडर दिली तर त्रास वाढतो. बी-१२ कमी आहे का, तेही त्याच इलियममध्ये शोषलं जातं. ओटीपोटाला रेडिएशन दिलंय का. आणि डायबेटिससाठी मेटफॉर्मिन चालू आहे का, त्यानेही बाइल ॲसिडचं परत शोषण कमी होतं, पण म्हणून ती गोळी मनाने बंद करू नका, फक्त सांगा.

कोलेस्टिरामिन घ्यायची पद्धत

ही बाइल ॲसिडला आतड्यातच बांधून ठेवणारी पावडर, मुळात कोलेस्टेरॉलचं औषध, कारण बांधलेलं ॲसिड बाहेर गेलं की यकृताला कोलेस्टेरॉल वापरून नवीन बनवावं लागतं. पूर्ण पाकीट ४ ग्रॅमचं असतं, डॉक्टर शक्यतो कमीपासून सुरू करून वाढवतात. कोलेसेव्हेलाम नावाची गोळी पण आहे, पावडर गळ्याखाली उतरत नसेल तर तिच्याबद्दल विचारा.

पावडर रेतीसारखी लागते हे खरं आहे. आईने पहिल्या दिवशी पाण्यातून घेतली आणि म्हणाली, "अगं वाळू खाल्ल्यासारखं वाटतंय." मग आमची पद्धत अशी बसली, मोठ्या ग्लासात पाव ग्लास पाणी, त्यावर पावडर भुरभुरायची, दोन मिनिटं तशीच भिजू द्यायची, मग वरून थंड पाणी किंवा मोसंबीचा रस, ढवळून प्यायचं, तळाशी राहिलेलं पुन्हा पाणी घालून संपवायचं. कोरडी घ्यायची नाही.

आणि हे नीट लक्षात ठेवा. ही पावडर नुसतं बाइल ॲसिड नाही तर बाकीची औषधंही बांधते. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करायचं वॉरफेरिन, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, गर्भनिरोधक गोळ्या, सगळ्यांवर परिणाम होतो. म्हणून बाकीच्या गोळ्या पावडरच्या एक तास आधी, नाहीतर नंतर चार ते सहा तासांनी. आईची थायरॉइडची गोळी पहाटे सहाला, पावडर साडेसातला, नाश्ता आठला, बीपीची गोळी दुपारी एकला, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरक कळला, एक वेळ, ४ नंबर, घाई नाही. काहींना उलट बद्धकोष्ठ होतं, पोट फुगतं, तर डोस कमी करायचा, पण डॉक्टरांना विचारून. दीर्घकाळ घ्यायची असेल तर व्हिटॅमिन डी आणि बाकीची, शिवाय ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) अधूनमधून तपासावी लागतात कारण ते वाढू शकतात.

लिव्हर फ्लशच्या नादी लागू नका

ज्यांचं ऑपरेशन अजून झालेलं नाही, पोटात खडे आहेत, त्यांच्यासाठी. सफरचंदाचा रस, एप्सम सॉल्ट आणि रात्री ऑलिव्ह ऑइल-लिंबू, सकाळी हिरवे खडे बाहेर, हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा आलाय. ते हिरवे मऊ गोळे खडे नसतात, ते तेल आणि पोटातल्या रसांपासून तयार झालेले साबणाचे गोळे असतात, तपासून बघितलंय लोकांनी. धोका असा की एवढं तेल एकदम प्यायल्यावर पिशवी जोरात आकसते आणि खरा खडा नळीत जाऊन अडकू शकतो, मग कावीळ, स्वादुपिंडाला सूज, आणि इमर्जन्सी. ऑपरेशनची भीती वाटत असेल तर समजून घ्या, भारतात दुर्बिणीतून हे ऑपरेशन पहिल्यांदा डॉ. टेहमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये १९९० साली केलं, तेव्हापासून आजवर ते रोजचं झालंय. माझा हा लेख वाचून कुणी ऑपरेशन टाळू नये, दहातल्या आठ-नऊ जणांना जुलाबाचा हा त्रास होतच नाही.

अँटिबायोटिक्सबद्दल पण थोडं. मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया उरलेल्या बाइल ॲसिडचं रूपांतर करतात आणि त्यातली काही रूपं सी. डिफिसाइल नावाच्या वाईट जंतूला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकने ते चांगले बॅक्टेरिया मेले की हा पहारा सुटतो. म्हणून जुलाब झाला की मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून घ्यायची सवय या पेशंटनी तरी पूर्ण सोडावी.

प्रवासाला निघताना

आधी रात्रीचं जेवण हलकं, सकाळी पावडर वेळेवर, निघायच्या आधी तळलेलं काही नाही, वडापाव पोचल्यावर. लोपेरामाइडची, म्हणजे जुलाब थांबवायची, गोळी सोबत ठेवायची का आणि कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, ताप किंवा रक्त असेल तर ती घेत नाहीत. पिशवीत ओआरएस, एक जास्तीचा कपड्यांचा जोड, ओले टिश्यू, आणि चुरचुरण्यासाठी पेट्रोलियम जेली. एसटीत पुढची सीट धरा आणि कंडक्टरला बसल्या बसल्याच सांगून ठेवा, बहुतेक जण समजून घेतात. आईने गेल्या महिन्यात सांगलीपर्यंत असाच प्रवास केला, खिडकीशी बसून, आणि मध्ये बस थांबली तेव्हा खाली उतरून लिंबूसरबत प्यायली, हे तिने मला फोन करून सांगितलं.